नांव देणाऱ्याची जबाबदारी

मूल जन्मास आलें म्हणजे बाराव्या दिवशीं त्याला पाळण्यांत घालून त्याचें नांव ठेवितात. नांव आजोबांचें ठेवावें कीं एखादें नवें निवडावें, यावर घरोघर वाद होतात. परंतु नांव मुळीं ठेवावेंच कीं नाहीं, असा वाद कोणी घातल्याचें ऐकिवांत नाहीं. मुलाला हांक मारावयाची असते, म्हणून नांवाची गरज सर्वांना आधींच पटलेली असते. पण या जगांत असे असंख्य जीव आहेत कीं, ज्यांना कोणी हांक मारणार नाहीं, मारली तरी ती ज्यांना ऐकूं येणार नाहीं, आणि ज्यांच्यावांचून आपलें आजवर कांहीं अडलेलें नाहीं. समुद्रतळाच्या एखाद्या शिंपल्यावर, नखाएवढ्या जागेंत शेंकडोंनीं राहणाऱ्या अशा एका जीवाला कोणी अभ्यासक महिनेच्या महिने खर्चून नांव देतो, त्याचें वर्णन करतो व तें छापवून प्रसिद्ध करतो. या कृत्याला काय म्हणावें? ज्ञान, छंद, कीं कीर्तीची हौस? आणि त्यांत नीतीचा कांहीं प्रश्न गुंतलेला आहे काय? प्रस्तुत लेखांत याच गोष्टीचा विचार करावयाचा आहे.

उदाहरणासाठीं ब्रायोझोआ नांवाचा सागरी प्राण्यांचा वर्ग घेऊं. ग्रीक भाषेंत या शब्दाचा अर्थ शेवाळासारखे प्राणी असा होतो. ओहोटीच्या वेळीं खडकावर, कालवांच्या शिंपल्यांवर, होडीच्या तळाशीं किंवा किनाऱ्यास लागलेल्या समुद्रवनस्पतींवर एखादी पांढुरकी जाळीदार खपली, अथवा तपकिरी झुडपासारखा बारीक तुरा पुष्कळांनीं पाहिला असेल. तो प्राणी आहे असें मात्र फारच थोड्यांच्या मनांत आलें असेल. भिंगाखालीं धरली म्हणजे ती खपली लहान लहान खोल्यांची चाळ आहे असें दिसून येतें. प्रत्येक खोली बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास लांब असते. पुष्कळ जातींत तिच्या भिंती चुन्याच्या असतात. आणि तींत एक जीवक राहतो. पाणी स्वस्थ असलें म्हणजे हा जीवक दारांतून आपल्या स्पर्शतंतूंचा मुकुट बाहेर काढतो, पाण्यांतील सूक्ष्म कण गोळा करून खातो, आणि किंचित् धक्का लागतांच तंतु आवरून दार लावून घेतो.

या जीवांना माणसानें काय काय समजावें, याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. दीर्घकाळ त्यांची गणना वनस्पतींत होत असे. लंडनमधील जॉन एलिस नांवाच्या एका व्यापाऱ्यानें १७५५ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत, या तथाकथित वनस्पति वस्तुतः प्राण्यांनीं वसविलेल्या आहेत असें दाखविलें. तरीहि १७५८ मध्यें लिनीअसनें आपल्या 'सिस्टेमा नॅच्युरी' या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तींत त्यांना 'प्राणिवनस्पति' या संदिग्ध कोटींतच ठेविलें. पुढें १८३० मध्यें आयर्लंडांत जॉन व्हॉन टॉम्सन यांनीं त्यांच्या शरीररचनेचें वेगळेपण ओळखून त्यांना पॉलिझोआ हें नांव दिलें, व दुसऱ्याच वर्षीं जर्मनींत एरेनबर्ग यांनीं ब्रायोझोआ हें नांव दिलें. आणि यांपैकीं खरें कोणतें यावर पंडितांत शंभराहून अधिक वर्षें मतभेद राहिला. १८२७ मध्यें एडिंबरो येथें अठरा वर्षांच्या चार्ल्स डार्विननें विद्यार्थ्यांच्या एका मंडळापुढें जें आपलें पहिलें शास्त्रीय निवेदन केलें, तेंहि याच वर्गांतील फ्लस्ट्रा नामक प्राण्याविषयीं होतें. या प्राण्याचीं अंडीं म्हणून समजलीं जाणारीं शरीरें स्वतः पोहूं शकतात, हें त्यानें दाखविलें. सारांश, समोर दिसत असलेली वस्तु नेमकी काय आहे एवढें सांगणें हेंच या क्षेत्रांत पिढ्यान्‌पिढ्यांचें काम ठरलें आहे.

नव्या जातीचें वर्णन म्हणजे काय, हें आपल्याच देशांतील एका उदाहरणावरून पाहूं. जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियामध्यें काम करणारे मोराव्हियाचे विद्वान फर्डिनंड स्टोलिच्का यांना बंगालमध्यें पोर्ट कॅनिंग येथील निमखाऱ्या पाण्यांत असा एक प्राणी आढळला. १८६९ मध्यें बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत त्यांनीं त्याचें सविस्तर वर्णन करून त्याला मेंब्रॅनिपोरा बेंगालेन्सिस असें नांव दिलें. त्यांचा मुख्य व्यवसाय जीवाश्मांच्या अभ्यासाचा. या क्षुद्र जीवापासून त्यांना किंवा त्यांच्या खात्याला कांहीं लाभ होण्याजोगा नव्हता. पांच वर्षांनीं, १८७४ मध्यें, यार्कंदच्या मोहिमेवरून परततांना लडाखमध्यें अवघ्या ३६ वर्षांच्या वयांत ते मरण पावले. पुढील अभ्यासकांनीं ही जाति इलेक्ट्रा नांवाच्या दुसऱ्या प्रजातींत घातली, आणि तेव्हांपासून तिच्या नांवापुढें 'स्टोलिच्का, १८६९' हीं अक्षरें कंसांत लिहिण्यांत येऊं लागलीं. हा कंस दिसावयास क्षुल्लक आहे. त्याचा अर्थ असा कीं, या जातीचें वर्णन प्रथम या माणसानें केलें, मात्र त्यानें तिला ज्या कुळांत बसविलें होतें तें कूळ पुढें बदललें. मूळ कर्त्याचें श्रेय आणि त्याच्या मताची दुरुस्ती, या दोन्ही गोष्टी एकाच खुणेनें नोंदून ठेवण्याची ही पद्धति आहे. इतक्या थोड्या शाईंत इतका न्याय व्यवहाराच्या दुसऱ्या कोणत्याहि क्षेत्रांत क्वचितच होत असेल.

आज हें काम पूर्वींपेक्षां सूक्ष्म झालें आहे. चुनखडी सांगाड्याच्या नमुन्यांतील मांसल भाग द्रावणानें काढून टाकून तो सांगाडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावा लागतो. खोलीची लांबीरुंदी, दाराचा आकार, कांट्यांची संख्या, पिलें वाढविण्याच्या कोठड्यांची घडण यांचीं मापें एका नव्हे, पुष्कळ जीवकांवरून घ्यावीं लागतात. जवळच्या ज्ञात जातींचे जुने नमुने कोणत्या संग्रहालयांत आहेत तें शोधून त्यांच्याशीं नवा नमुना ताडून पाहावा लागतो. हयात असलेल्या सहा हजारांहून अधिक जातींचें वर्णन आजवर झालें असून जीवाश्मरूपानें ठाऊक झालेल्या जाति त्याहूनहि अधिक आहेत. हातांतील नमुना यांपैकीं कोणाचाच नव्हे असें म्हणण्याची तयारी झाल्याखेरीज त्याला 'नवा' म्हणतां येत नाहीं. अभ्यासकाचे श्रम 'आहे' म्हणण्यांत थोडे जातात, 'नाहीं' म्हणण्यांत फार.

आतां या उद्योगावर घेतां येण्याजोगे आक्षेप क्रमानें पाहूं. पहिला आक्षेप तत्त्वज्ञानाचा आहे. निसर्गांत केवळ व्यक्ति असतात. जाति ही आपल्या बुद्धीनें सोयीसाठीं केलेली मांडणी आहे, मग 'नवी जाति सांपडली' या म्हणण्याला अर्थ काय? खुद्द डार्विननेंहि १८५९ च्या आपल्या ग्रंथांत, जाति हा शब्द परस्परांशीं निकट साम्य असलेल्या व्यक्तींच्या समूहाला सोयीखातर लावलेला आहे, अशा आशयाचें मत दिलें होतें. हा वाद आपल्या परंपरेला परका नाहीं. 'गाय' या शब्दाचा अर्थ समोर उभी असलेली व्यक्ति, तिची आकृति, कीं सर्व गाईंत असणारी जाति, हा प्रश्न गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चिला असून तिन्ही मिळून पदाचा अर्थ होतो असा तेथें निर्णय केला आहे. उलट, जाति असा निराळा पदार्थच नाहीं, असें बौद्ध तार्किकांचें म्हणणें. ब्रायोझोआचा अभ्यासक या जुन्या वादांत नकळत सांपडतो, आणि व्यक्ति, आकृति व जाति हीं तिन्ही पदें त्याला अडवितात.

प्रथम व्यक्ति घ्या. एका अळीपासून पहिला जीवक होतो. त्याला अंकुर फुटून दुसरा, त्यापासून तिसरा, अशी सबंध वसाहत एकाच बीजापासून वाढते. शेजारच्या खोल्यांना जोडणाऱ्या छिद्रांवाटे एकाचें पोषण दुसऱ्यास पोंचतें. कित्येक जातींत कांहीं जीवक स्वतः खातच नाहींत; त्यांचें रूपांतर पक्ष्याच्या चोंचीसारख्या चिमट्यांत झालेलें असतें, आणि त्यांना इतरांच्या अन्नावर जगवावें लागतें. जीवकाचीं आंतड्यादि इंद्रियें कांहीं काळानें झिजून नाहींशीं होतात व त्याच खोलींत नवीं तयार होतात. मग येथें व्यक्ति कोण? खोलींतला जीवक, कीं सबंध चाळ? शास्त्रीय नांवांचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत त्यांना याचें कांहींतरी उत्तर देणें भागच होतें. एकाच जीवापासून अंकुरवाढीनें झालेली, निसर्गांत एकसंध असलेली वसाहत किंवा तिचा तुकडा हा एक नमुना म्हणून चालेल, असें त्यांनीं ठरविलें. प्रश्न सुटला नाहीं. काम पुढें चालण्यापुरता त्याचा तह झाला.

आकृतीचीहि तीच गत. मेंब्रॅनिपोरा मेंब्रॅनॅसिया या जातीच्या वसाहतीला तिच्यावर उपजीविका करणाऱ्या समुद्री गोगलगाईची पाण्यांत चाहूल लागली, कीं तिच्या कडेला वाढणाऱ्या नव्या खोल्यांना कांटे फुटतात. चाहूल नसेल तर कांटे नसतात. हें ड्रू हार्व्हेल या संशोधक बाईंनीं १९८४ मध्यें सप्रयोग दाखविलें. म्हणजे कांटे असलेला व कांटे नसलेला असे दोन नमुने निरनिराळ्या किनाऱ्यांवरून कोणाच्या हातीं आले, तर केवळ आकृतीवर भिस्त ठेवणारा मनुष्य एका जातीच्या दोन जाति करून ठेवील.

याच्या उलट प्रकारहि घडतो. लिनीअसनें १७५८ मध्येंच ज्या जातीला नांव दिलें ती ब्युग्युला नेरिटिना जगांतील पुष्कळ बंदरांत जहाजांच्या तळास व धक्क्यांच्या खांबांस चिकटलेली आढळते. तिच्यापासून ब्रायोस्टॅटिन नांवाचें द्रव्य मिळतें. त्याची रचना १९८२ मध्यें जॉर्ज पेटिट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं उलगडली, आणि कर्करोगादि विकारांवर त्याच्या चाचण्या झाल्या. कांहीं ग्रॅम द्रव्यासाठीं हे प्राणी टनावारी गोळा करावे लागले. पुढें १९९९ मध्यें डेव्हिडसन व हेगुड यांनीं दाखविलें कीं, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर या एकाच नांवाखालीं उथळ पाण्यांतला व खोल पाण्यांतला असे आनुवंशिक दृष्ट्या भिन्न असे दोन प्रकार आहेत, आणि दोघांतील ब्रायोस्टॅटिनेंहि सारखीं नाहींत. डोळ्याला एक दिसणारी जाति रक्तानें दोन निघाली. आणि हा भेद पुस्तकी नसून औषध कोणांत सांपडेल व कोणांत सांपडणार नाहीं, इतका तो व्यवहाराचा होता.

यावरून जाति ही केवळ कल्पना आहे असें सिद्ध होतें काय? माझ्या मतें याच्या अगदीं उलट सिद्ध होतें. जें निव्वळ सोयीसाठीं ठरविलेलें असतें तें चुकूं शकत नाहीं. आठवड्याचे दिवस सात ठरविले. ते चुकीचे आहेत असें कोणी सिद्ध करूं शकेल काय? जातीचें वर्णन मात्र चुकतें, आणि तें चुकलें आहे हें दाखवितां येतें. त्याअर्थीं तें वर्णनाबाहेरील कशाविषयीं तरी केलेलें विधान असलें पाहिजे. नीट काळजी घेतली तर तें बरोबरहि येतें. १९९० मध्यें जॅक्सन व चीटम यांनीं पनामाच्या समुद्रांतील कांहीं ब्रायोझोआंची संतति सारख्याच परिस्थितींत वाढवून पाहिली, व त्यांच्या आनुवंशिक द्रव्यांचीहि तुलना केली. तेव्हां सांगाड्यांच्या काटेकोर मापांवरून ठरविलेल्या जाति आनुवंशिक कसोटीलाहि उतरल्या. तात्पर्य, नवी जाति जाहीर करणें हा वंशपरंपरेविषयींचा एक पडताळून पाहण्याजोगा सिद्धान्त मांडणें होय. सत्यासत्याचा संबंध आला, कीं त्याच्या पाठोपाठ प्रामाणिकपणाचा संबंध येतो, आणि येथूनच आपला विषय तर्कशास्त्रांतून नीतिशास्त्रांत शिरतो.

दुसरा आक्षेप हेतूविषयींचा. प्रत्येक जातीच्या नांवापुढें वर्णनकर्त्याचें नांव लागतें. तेव्हां हा सारा खटाटोप अमर होण्याच्या हौशीचा आहे, असें कोणी म्हणेल. मनुष्याच्या मनांत हौस नसते असें मी म्हणत नाहीं. परंतु त्या नांवाबरोबर काय काय गळ्यांत पडतें तेंहि पाहिलें पाहिजे. १९९९ नंतर असा नियम आहे कीं, वर्णनकर्त्यानें आपल्या जातीचा मूळ नमुना कोणता हें स्पष्ट सांगितल्यावांचून, आणि तो कोणत्या संग्रहांत ठेविला आहे किंवा ठेविला जाणार आहे हें नमूद केल्यावांचून, हयात प्राण्याच्या नव्या जातीचें नांव ग्राह्य धरलें जात नाहीं. हा मूळ नमुना म्हणजे वर्णनकर्त्यानें आपल्या शब्दांसाठीं दिलेला जामीन होय. 'मी जें सांगतों तें ज्यावरून सांगतों ती वस्तु येथें आहे. माझ्यावर विश्वास ठेवूं नका, येऊन पाहा,' असें तो पुढील सर्व पिढ्यांना सांगून ठेवतो. आपल्याला खोटें पाडण्याचें साधन आपल्याच हातानें जपून ठेवावयाचें, ही अट मालकावर कोणी घालीत नाहीं; ती साक्षीदारावरच घालतात.

आणि ही साक्ष चुकली तरी ती पुसून टाकतां येत नाहीं. १९८२ मध्यें व्हेनिसच्या खाऱ्या उथळ सरोवरांत एक ब्रायोझोआ आढळला. १९८५ मध्यें त्याचें नवी जाति म्हणून वर्णन होऊन त्याला ट्रायसेलेरिया इनोपिनाटा, म्हणजे 'अनपेक्षित', असें नांव मिळालें. पुढें युरोपच्या इतर किनाऱ्यांवरहि ती पसरली. ती व्हेनिसची मूळ रहिवासी नसून माणसाच्या दळणवळणाबरोबर दूरच्या समुद्रांतून आलेली पाहुणी होय, असें आतां समजलें जातें. तरी तिच्या मूळ नमुन्याचा पत्ता व्हेनिसचाच राहिला आहे. कर्त्यांनीं जेथें पाहिलें तेथें खरें तेंच सांगितलें. आणि त्यांनीं नमुना व स्थळ नीट नोंदून ठेविलें होतें म्हणूनच पुढच्यांना पाहुणीचा माग काढतां आला. प्रामाणिकपणें नोंदलेली गोष्ट अपुरी असली तरी तिच्यापासून पुढें जातां येतें. नोंदच नसली तर कोठून निघावें हें देखील कळत नाहीं.

याच नियमांना जोडलेल्या नीतिसंहितेंत आणखी एक कलम आहे. हीच जाति दुसऱ्या कोणी आधीं ओळखली असून तो तिला नांव देणार आहे असें कळलें, तर आपण घाईनें नांव प्रसिद्ध करूं नये; त्याला कळवावें, आणि त्यानें निदान वर्षभरांत कांहीं केलें नाहीं तरच आपण तें काम हातीं घ्यावें. कोणास दुखविणारें नांव देऊं नये, असेंहि तेथें सांगितलें आहे. हीं कलमें कायद्यासारखीं बंधनकारक नाहींत. तीं सद्‌बुद्धीवर सोंपविलेलीं आहेत. अर्ध्या मिलिमीटरच्या जीवासाठीं सबंध वर्ष थांबण्याची ज्या व्यवसायांत अपेक्षा केली जाते, त्या व्यवसायाला केवळ कीर्तीचा बाजार म्हणणें अन्यायाचें होईल.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि अहिंसेच्या संस्कारांत वाढलेल्या मनाला तो टाळतां येणार नाहीं. वर्णनासाठीं जीव मारावा लागतो. जो जगतांना कोणास ठाऊक नव्हता, त्याची ओळख आपण त्याच्या सांगाड्यावरून करून देतों. मग हें नामकरण म्हणावें कीं उत्तरक्रिया? वसाहतीचा तुकडा घेतला तर उरलेली वसाहत पुष्कळदां वाढत राहते, हें खरें. वेदना म्हणून ज्याला आपण ओळखतों तें या जीवांत असण्याचा संभव फार थोडा, असेंहि म्हणतां येईल. परंतु हीं समाधानें पुढें करून प्रश्न मिटविणें मला बरें वाटत नाहीं. आपण दुसऱ्याचें कांहीं घेतलें आहे हें सरळ कबूल करावें, आणि घेतल्यानें आपल्यावर काय कर्तव्य आलें तें विचारावें. आपल्याकडे मनुष्य जन्मतःच ऋणें घेऊन येतो असें मानिलें असून त्यांपैकीं ऋषिऋण अध्ययनानें फिटतें असें सांगितलें आहे. नमुना उचलणाऱ्यावर तसेंच एक नवें ऋण चढतें, आणि तेंहि अध्ययनानेंच फिटावयाचें असतें. जो नमुना आणून बरणींत घातला व पुढें कोणी पाहिलाच नाहीं, तो जीव व्यर्थ गेला. खरा दोष नमुना घेण्यांत जितका आहे, त्याहून तो घेऊन विसरण्यांत अधिक आहे.

हें ऋण किती चिकाटीनें फेडतां येतें त्याचें एक उदाहरण देतों. आज ज्याला इंडोनेशिया म्हणतात त्या द्वीपसमूहाच्या समुद्रांत १८९९-१९०० मध्यें सिबोगा नांवाच्या डच जहाजानें संशोधनाची सफर केली. तींत मिळालेल्या ब्रायोझोआंचें वर्णन करण्याचें काम सिडनी हार्मर यांच्याकडे आलें. त्यांच्या ग्रंथाचा पहिला भाग १९१५ मध्यें, दुसरा १९२६ मध्यें व तिसरा १९३४ मध्यें निघाला. मध्यंतरीं कांहीं वर्षें ते लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयाचे संचालकहि होते. १९५० मध्यें वयाच्या ८८ व्या वर्षीं ते वारले, तेव्हां चौथा भाग छापावयाचा राहिलाच होता. तो १९५७ मध्यें प्रसिद्ध झाला. समुद्रांतून जाळें वर आलें त्याला तोंवर अर्धशतक उलटून गेलें होतें. इतका वेळ कां लागला असें विचारतां येईल. पण एकाच्या हातून जें पुरें झालें नाहीं तें दुसऱ्यांनीं तडीस नेलें, याचेंच मला अधिक महत्त्व वाटतें. वैयक्तिक हौस माणसाबरोबर संपते, ऋण मागें राहतें.

चौथा आक्षेप उपयोगाचा. या साऱ्याचा फायदा काय? ब्रायोस्टॅटिनाचें उदाहरण वर आलेंच आहे. परंतु त्याच्या आधारानें या आक्षेपास उत्तर देण्याचा मोह मी आवरतों. हजारों जातींपैकीं एखादीच औषधाला उपयोगी पडते. उरलेल्यांचें समर्थन तिच्या पुण्याईवर करावयाचें तर तें फार तुटपुंजें होईल. दुसरें उत्तर असें देतां येतें कीं, ज्याला नांव नाहीं त्याचें रक्षणहि करतां येत नाहीं. समुद्रतळ खरवडून निघाला तर तेथून काय नाहींसें झालें हें सांगावयास निदान नांवाची यादी तरी हवी. हें उत्तर खरें आहे, पण नांव दिल्यानें कोणाचें रक्षण आपोआप होत नाहीं, हेंहि तितकेंच खरें आहे. मला याहून साधें उत्तर पटतें. आपल्याबरोबर या पृथ्वीवर जें आहे, तें काय आहे हें शक्य तितकें खरें सांगणें, हें बुद्धि लाभलेल्या प्राण्याचें कर्तव्यच आहे. टॉमस हिंक्स हे इंग्लंडांतील एक धर्मोपदेशक. आवाज गेल्यामुळें त्यांना उपदेशाचें काम सोडावें लागलें. पुढें १८८० मध्यें त्यांनीं ब्रिटनच्या समुद्रांतील या प्राण्यांवर दोन भागांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. व्यासपीठ सुटलें तरी त्यांचें खरें बोलण्याचें व्रत सुटलें नाहीं, असेंच मी म्हणेन.

शेवटीं एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. आपल्या भाषेंत 'जाति' हा शब्द दोन अर्थांनीं चालतो. प्राणिशास्त्रांतील जातीचा विचार करीत असतां समाजांतील जातीची आठवण मराठी वाचकाला होणें अपरिहार्य आहे. ज्या १७५८ च्या ग्रंथांत लिनीअसनें ब्रायोझोआंना प्राणिवनस्पतींत घातलें, त्याच ग्रंथांत त्यानें मनुष्यमात्राला एकाच जातींत ठेविलें, आणि मग खंडाखंडांप्रमाणें त्याचे पोटभेद करून एक खंडवासी आळशी, दुसरा लोभी, तिसरा चतुर अशीं त्यांचीं लक्षणेंहि दिलीं. तेथें ना नमुना होता, ना माप. ऐकीव गोष्टींवर एवढा मोठा निवाडा दिला गेला, आणि त्याचीं फळें पुढें कोट्यवधि लोकांना भोगावीं लागलीं. तरी त्या निवाड्यावर लिनीअसची सही होती, आणि म्हणून त्याला जाब विचारतां आला. तीं लक्षणें खोटीं ठरलीं, मनुष्यजाति एक हें विधान तेवढें टिकलें.

आपल्याकडे माणसाला जन्मापूर्वींच जें जातीचें नांव चिकटविलें जातें, आणि त्यावरून त्याचा उच्चनीचपणा, त्याचा स्वभाव, त्याची लायकी ठरविली जाते, त्या वर्णनावर कोणाची सही आहे? तें कोणत्या निरीक्षणावरून केलें, त्याचा पुरावा कोठें ठेविला आहे, तें चुकलें तर दुरुस्ती कोणी व कशी नोंदवावयाची, यांपैकीं एकाहि प्रश्नाला उत्तर नाहीं. शिंपल्यावरील एका खपलीला नांव देतांना जो पुरावा आपण आवश्यक मानतों, तो शेजाऱ्याविषयीं मत बनवितांना मागावयाचें आपल्याला सुचत नाहीं. 'अमुक लोक असेच' हें वाक्य दिवाणखान्यांत सहज उच्चारलें जातें. तें उच्चारणारानें त्याखालीं आपलें नांव व साल लिहून द्यावें, आणि कोणीहि येऊन तपासावें अशी सोय करावी, असा नियम झाला तर यांतलीं किती वाक्यें शिल्लक राहतील, याचा वाचकांनींच विचार करावा.

वर्णनकर्ता आपलें काम संपवितो तेव्हां त्यानें इतक्या गोष्टी केलेल्या असतात: काय पाहिलें तें सांगितलें, दुसऱ्यांहून तें कसें भिन्न आहे तें दाखविलें, ज्यावरून सांगितलें तो नमुना सर्वांसाठीं ठेविला, आणि खालीं आपलें नांव लिहिलें. उद्यां कोणी त्याचें मत फिरविलें तर त्याचें नांव कंसांत जाईल, आणि तें जावें अशीच व्यवस्था त्याच्या शास्त्रानें करून ठेविली आहे. ज्याला कोणाविषयीं कांहींहि निश्चयानें सांगावयाचें असेल, मग तो विषय समुद्रांतला जीव असो कीं समोरचा मनुष्य असो, त्यानें निदान एवढी तयारी ठेवावी, असें मला वाटतें.